उथळ पाण्याची ओढ

सुएझ कालव्यात आडव्या पडलेल्या जहाजावर जगभर विनोद झाले. पण त्या जहाजाला काठाकडे खेचणारे पाण्याचे नियम प्रत्येक अरुंद खाडीत आणि प्रत्येक बंदराच्या दारात लागू असतात. जहाजे वाढवत नेणाऱ्यांनी ते विसरून चालणार नाही.

२३ मार्च २०२१ च्या सकाळी ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनरवाहू जहाज सुएझ कालव्याच्या दक्षिण भागातून उत्तरेकडे निघाले होते. लांबी ४०० मीटर, रुंदी जवळपास ५९ मीटर, पोटात आणि पाठीवर मिळून १८ हजारांहून अधिक कंटेनर. मलेशियातून निघालेल्या या जहाजाला नेदरलँड्समधील रॉटरडॅमला जायचे होते. वाळूचे वादळ सुटले होते, वारा ताशी ७० किलोमीटरच्या पुढे गेला होता. कालव्यात शिरल्यावर काही वेळातच जहाज आधी एका बाजूला झुकले, मग दुसऱ्या बाजूला, आणि अखेर त्याचे नाक पूर्वेच्या काठात घुसले. मागचे टोक पश्चिमेच्या काठाला टेकले. जगाच्या व्यापाराचा सुमारे १२ टक्के हिस्सा ज्या वाटेने जातो ती वाट पुढचे सहा दिवस बंद झाली. दोन्ही तोंडांना चारशेच्या आसपास जहाजे खोळंबली. ‘लॉइड्स लिस्ट’च्या अंदाजाने रोजचा सुमारे ९.६ अब्ज डॉलरचा माल अडकून पडला.

त्या महाकाय नाकाशी माती उकरणाऱ्या एका इवल्याशा यंत्राचे छायाचित्र तेव्हा घरोघरी पोहोचले आणि त्यावर विनोदांचा पूर आला. ते स्वाभाविकही होते. टाळेबंदीने कंटाळलेल्या जगाला हसायला काहीतरी हवे होते. जहाज सुटले ते २९ मार्चला. त्यासाठी सुमारे ३० हजार घनमीटर वाळू उपसावी लागली, दहा-बारा टग बोटींनी ओढावे लागले आणि तरीही शेवटचा हात दिला तो पौर्णिमेच्या भरतीने. ती होळीची पौर्णिमा होती. महाराष्ट्रात धुळवड सुरू असताना तिकडे जहाज तरंगू लागले. उधाणाचा हा हिशेब कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला समजावून सांगावा लागला नसता.

हसणे संपले आणि प्रश्न तेवढा उरला. एवढे मोठे, आधुनिक यंत्रसामग्रीने सज्ज जहाज सरळ रेषेतल्या कालव्यात सरळ का जाऊ शकले नाही? लोकांना दोन उत्तरे सोपी वाटली. एक, वाऱ्याने ढकलले. दोन, कप्तान चुकला. दोन्हींत तथ्यांश असेलही. पण या उत्तरांत ज्याच्यावर जहाज तरंगत होते त्या पाण्याचा उल्लेखच नाही. आणि खरी गोष्ट पाण्याचीच आहे.

खोल, मोकळ्या समुद्रात जहाज पुढे सरकते तेव्हा त्याच्या वाटेतले पाणी बाजूला होते, तळाखालून जाते आणि मागची पोकळी भरून काढते. त्याला पसरायला चारी बाजूंना जागा असते. अरुंद आणि उथळ पाण्यात ही जागाच नसते. जहाजाच्या पुढचे पाणी मागे जायचे तर ते जहाजाचा तळ आणि समुद्राचा तळ यांच्यामधल्या फटीतून, नाहीतर जहाजाची कूस आणि काठ यांच्यामधल्या पट्ट्यातून जायला हवे. वाट अरुंद आणि पाणी तेवढेच, म्हणजे पाण्याला पळत जावे लागते. नळीचे तोंड बोटाने दाबले की पाणी जोरात उडते, हे बागेला पाणी घालणारा कोणीही जाणतो. तोच प्रकार इथे हजारो टन पाण्याबाबत घडतो.

सुएझ कालव्याचे उदाहरण घेऊ. तो आडवा कापला तर पाण्याचा छेद साधारण ५ हजार चौरस मीटर भरतो. ‘एव्हर गिव्हन’चा पाण्याखालचा भाग जवळपास १६ मीटर खोल आणि ५९ मीटर रुंद, म्हणजे नऊशेहून अधिक चौरस मीटर. कालव्याचा जवळपास पाचवा हिस्सा एकट्या जहाजाने भरला. बाटलीच्या गळ्यात बूच सरकावे तसेच हे. अशा स्थितीत जहाज ताशी २४ किलोमीटर, म्हणजे १३ नॉट वेगाने पुढे जात असेल तर ढोबळ गणिताने बाजूचे पाणी ताशी पाच-साडेपाच किलोमीटर वेगाने उलट दिशेला वाहू लागते. काठावर उभे राहून पाहणाऱ्याला जहाज येताना पाणी मागे ओढले जाताना आणि काठालगतची पातळी खाली जाताना दिसते ते यामुळेच.

आता दुसरा नियम. वाहत्या पाण्याचा वेग वाढला की त्याचा दाब कमी होतो. डॅनियल बर्नुली या स्विस शास्त्रज्ञाने १७३८ साली ‘हायड्रोडायनॅमिका’ या ग्रंथात हा विचार मांडला आणि पुढे त्याच्या नावानेच तो ओळखला गेला. मुंबईतल्या लोकल स्थानकावर न थांबणारी जलद गाडी धडधडत जाते तेव्हा फलाटाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला हवेचा आधी धक्का आणि मग गाडीकडे ओढ जाणवते. फलाटावर पिवळी रेघ आखलेली असते ती उगाच नाही. दोन कागदाच्या पट्ट्या समोरासमोर धरून मध्ये फुंकर मारली तर त्या लांब जाण्याऐवजी एकमेकींना चिकटतात. पाणी हवेपेक्षा आठशे पटींहून अधिक दाट. तेव्हा तिथली ओढ किती असेल याची कल्पना करता येईल.

या ओढीची तीन रूपे आहेत. पहिले तळाकडे, दुसरे काठाकडे, तिसरे दुसऱ्या जहाजाकडे. तिन्ही रूपांनी शंभर-सव्वाशे वर्षांत दर्यावर्दींना धडे दिले आहेत आणि तरीही ते धडे दर पिढीला नव्याने शिकावे लागतात.

पहिले रूप म्हणजे जहाजाचे ‘बसणे’. तळाखालून पाणी वेगाने गेले की तिथला दाब घटतो आणि चालते जहाज उभ्या जहाजापेक्षा खाली बसते. नाविक त्याला स्क्वॉट म्हणतात. जहाजाचे वजन वाढलेले नसते, माल तेवढाच असतो, पण ते पाण्यात अधिक खोल जाते. ब्रिटिश नौका-अभियंते ब्रायन बॅरस यांनी यासाठी एक सोपा आडाखा दिला आहे. टँकरसारखे भरीव आकाराचे जहाज १० नॉट वेगाने उथळ पण रुंद पाण्यातून जात असेल तर ते साधारण पाऊण ते एक मीटर बसते. तेच अरुंद कालव्यातून जात असेल तर दुप्पट, म्हणजे दीड मीटरच्या वर. तळाखाली दोन मीटर पाणी ठेवून निश्चिंत असलेल्या कप्तानाच्या हाती उरते ते जेमतेम गुडघाभर.

याचा अनुभव १९९२ साली ७ ऑगस्टला ‘क्वीन एलिझाबेथ २’ या प्रख्यात प्रवासी जहाजाला आला. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील कटीहंक बेटाजवळून ते सुमारे २४ नॉट वेगाने चालले होते. जहाजाचा पाण्याखालचा भाग ३२ फुटांचा, नकाशावरची खोली ३९ फूट. सात फूट अंतर पुरेसे वाटले. पण जहाज खडकांवर घासले आणि तळ फाटला. सुदैवाने कोणी दगावले नाही. चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. नकाशातली खोली १९३९ च्या मोजणीवर आधारलेली होती आणि तळाशी असलेले खडक तिच्यात नीट आलेले नव्हते. आणि एवढ्या वेगात जहाज किती बसेल याचा अधिकाऱ्यांचा अंदाज फारच कमी होता. जुनी मोजणी आणि जास्तीचा वेग एकत्र आले की काय होते त्याचे हे उदाहरण.

दुसरे रूप काठाकडच्या ओढीचे. जहाज कालव्याच्या मधोमध असेल तर दोन्ही बाजूंची ओढ सारखी असते आणि काही बिघडत नाही. पण ते एका काठाकडे थोडे जरी सरकले तर त्या बाजूची पाण्याची वाट आणखी अरुंद होते, पाणी आणखी पळते, दाब आणखी घटतो आणि जहाज त्याच काठाकडे खेचले जाते. यातली खरी गोम पुढेच आहे. ही ओढ जहाजाच्या सगळ्या भागांवर सारखी नसते. नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, जहाजाने ढकललेले पाणी काठ आणि नाळ यांच्यामध्ये साचते आणि नाळेला काठापासून दूर लोटते. मागच्या भागात मात्र पाणी वेगाने पळत असते आणि शिवाय पंखा ते स्वतःकडे खेचत असतो. त्यामुळे पिछाडी काठाकडे ओढली जाते. पुढचे टोक बाहेर, मागचे आत. परिणाम असा की उजव्या काठाला जवळ गेलेले जहाज एकाएकी डावीकडे वळते आणि कालवा ओलांडून समोरच्या काठावर जाऊन आदळते. सुकाणू धरणाऱ्याने ते तसे वळवलेले नसते. किंबहुना तो उलट बाजूला सुकाणू फिरवत असतो.

त्यातच उथळ पाण्यात जहाज सुकाणूचे ऐकेनासे होते. तळाखाली पाण्याला मोकळीक नसल्याने जहाज वळायला लागणारे वर्तुळ खोल समुद्रातल्यापेक्षा दुपटीपर्यंत मोठे होऊ शकते. थांबायलाही अधिक अंतर लागते. म्हणजे जिथे जागा सर्वांत कमी, तिथेच जहाज सर्वांत हट्टी. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण माणसांच्या स्वभावाला उद्देशून आहे. जहाजांच्या बाबतीत उथळ पाणी खळखळाट न करता काम उरकते, हे अधिक धोक्याचे.

तिसरे रूप दोन जहाजांमधल्या ओढीचे. २० सप्टेंबर १९११ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेला सोलेंट या सामुद्रधुनीत ‘ऑलिंपिक’ हे त्या काळचे प्रचंड प्रवासी जहाज आणि ‘हॉक’ ही ब्रिटिश नौदलाची युद्धनौका एकमेकींना समांतर चालल्या होत्या. अचानक ‘हॉक’चे नाक वळले आणि ‘ऑलिंपिक’च्या मागच्या कुशीत घुसले. नौदलाचे म्हणणे असे की मोठ्या जहाजाच्या ओढीने आमची नौका खेचली गेली. जहाज कंपनीला ते मान्य नव्हते. प्रकरण न्यायालयात गेले. अमेरिकी नौदलाचे नौका-अभियंते डेव्हिड टेलर यांनी प्रतिकृतींवर केलेले प्रयोग तिथे पुढे आले आणि पाण्याची ही ओढ कल्पना नसून मोजता येणारे बल आहे, हे मान्य झाले. निकाल ‘ऑलिंपिक’च्या विरोधात गेला. त्या जहाजाचे कप्तान होते एडवर्ड स्मिथ. अवघ्या सात महिन्यांत, १० एप्रिल १९१२ रोजी, हेच स्मिथ ‘टायटॅनिक’ घेऊन साउदम्प्टन बंदरातून निघाले तेव्हा त्यांच्या जहाजाच्या ओढीने धक्क्याला बांधलेल्या ‘न्यू यॉर्क’ जहाजाचे दोरखंड तटातट तुटले आणि ते ‘टायटॅनिक’कडे सरकू लागले. टक्कर टळली ती चार-पाच फुटांनी. हिमनग पुढे चार दिवसांवर होता. पाण्याने पहिला इशारा बंदरातच दिला होता.

या बलांचा उपयोगही करून घेता येतो. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या अरुंद जलमार्गात समोरासमोर येणारी दोन जहाजे एकमेकांवर थेट चालून येतात आणि शेवटच्या टप्प्यात थोडी बाजूला वळतात. त्या क्षणी दोन्ही नाळांपुढे साचलेले पाणी त्यांना एकमेकांपासून दूर लोटते आणि ती शेजारून निघून जातात. तिथले पायलट हे रोज करतात. पाहणाऱ्याचे काळीज तोंडात येते, पण पाण्याचा स्वभाव ठाऊक असलेल्यांच्या दृष्टीने तो सराव आहे. फरक आहे तो ठाऊक असण्याचा.

आता पुन्हा ‘एव्हर गिव्हन’कडे. पाण्याच्या वर साधारण ४० मीटर उंच आणि ४०० मीटर लांब अशी कंटेनरची भिंत वाऱ्याला आडवी होती. ताशी ७५ किलोमीटरचा वारा तिच्यावर नेमका आडवा आला तर ढोबळ हिशेबाने ४०० टनांचा रेटा बसतो. त्याला तोंड देण्यासाठी जहाजाला वाऱ्याच्या बाजूला तोंड करून किंचित तिरके चालावे लागते. नदीच्या धारेत होडी पैलतीराला नेणारा नावाडी नेमके हेच करतो. पण ४०० मीटरचे जहाज फक्त पाच अंशांनी तिरके झाले तरी त्याला लागणारी वाट ५९ मीटरवरून ९३ मीटरवर जाते. काठ तेवढे जवळ येतात.

कप्तानापुढचा पेच इथेच सुरू होतो. वाऱ्याविरुद्ध सुकाणूला बळ हवे तर वेग वाढवावा लागतो, कारण संथ जहाजाचे सुकाणू दुबळे असते. वेग वाढवला तर सुकाणूचे बळ वेगाच्या वर्गाने वाढते. पण काठाची ओढही वर्गानेच वाढते. कालव्यातील वेगमर्यादा ताशी १४ ते १६ किलोमीटरच्या आसपास. अडकण्याआधी जहाजाचा वेग ताशी २४ किलोमीटरच्या घरात गेल्याच्या नोंदी आहेत. हा वेग बेपर्वाईचा होता की वाऱ्याशी झुंजण्याचा, यावर वाद घालता येईल. पण त्या वेगात काठापाशी गेल्यावर पाण्याने जे करायचे ते केले. वारा सुरुवात करतो, शेवट पाणी करते.

याच गणितात उपायही दडलेला आहे. ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती घटतेही वर्गानेच. १२ नॉटवरून ८ नॉटवर, म्हणजे वेग फक्त एक तृतीयांशाने कमी केला तर ओढ निम्म्याहून कमी होते. वेग निम्मा केला तर ती चौथाईवर येते. अरुंद पाण्यात हळू जाणे हा म्हणूनच जहाज ताब्यात ठेवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. आणि संथ वेगात सुकाणू अपुरे पडत असेल, तर ती कमतरता वेग वाढवून नव्हे तर टग बोटी सोबत देऊन भरून काढायला हवी. तेही शक्य नसेल तर वारा शमेपर्यंत कालव्याबाहेर नांगर टाकून थांबायला हवे.

हे सगळे ठाऊक असताना तसे का होत नाही? कारण थांबण्याला पैसे पडतात. १९९० च्या दशकाच्या मध्यात ६ हजार कंटेनर वाहणारे जहाज म्हणजे नवलाई होती. २००६ साली ‘एमा मर्स्क’ आले तेव्हा हा आकडा १४-१५ हजारांवर गेला. आज २४ हजार कंटेनरची जहाजे समुद्रात आहेत. जहाज जितके मोठे, तितका प्रत्येक कंटेनरमागचा खर्च कमी. हा फायदा कंपन्यांना मिळतो आणि काही अंशी ग्राहकांनाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जहाज दुप्पट झाले म्हणून कालवा दुप्पट होत नाही. १८६९ साली खुला झालेला सुएझ कालवा अनेकदा रुंद आणि खोल केला गेला, तरी जहाजांनी प्रत्येक वेळी त्याला गाठलेच. ‘एव्हर गिव्हन’ नंतर इजिप्तने दक्षिणेकडचा सुमारे ३० किलोमीटरचा पट्टा ४० मीटरने रुंद करण्याचे काम हाती घेतले. ते आवश्यकच होते. पण रस्ता रुंद केला की वर्षभरात तो मोटारींनी भरून जातो, हे मुंबई-पुण्याच्या रहिवाशांना कोणी सांगायला नको. वाढलेली रुंदी सुरक्षिततेसाठी राखून ठेवायची की आणखी मोठ्या जहाजांना आंदण द्यायची, हा निर्णय अभियंत्यांचा नसतो. तो धोरण ठरवणाऱ्यांचा असतो.

आणि अपघात झाला की किंमत मोजतो कोण? ‘एव्हर गिव्हन’वरचे २५ कर्मचारी सगळे भारतीय होते. जहाज सुटल्यावर ते मोकळे झाले नाही. नुकसानभरपाईच्या वादात ते ग्रेट बिटर लेक या सरोवरात अडकवून ठेवले गेले. कालव्याच्या प्राधिकरणाने आधी ९१ कोटी डॉलरहून अधिक रकमेची मागणी केली, मग ती ५५ कोटींवर आणली. तडजोड होऊन जहाज निघाले ते ७ जुलैला, अडकल्यापासून १०६ दिवसांनी. तोवर बहुतेक कर्मचारी जहाजावरच होते आणि इथे त्यांची कुटुंबे करोनाच्या दुसऱ्या लाटेत दिवस मोजत होती. कालव्यात जहाजावर स्थानिक पायलट असतात, सूचना ते देतात. पण नियमाने जबाबदारी कप्तानाचीच राहते. पायलटचा सल्ला, मालकाचे वेळापत्रक, वारा आणि पाणी या चौघांच्या ओढाताणीत सापडलेल्या माणसावर सगळा दोष टाकणे सोपे असते. पण त्याने पुढचा अपघात टळत नाही.

भारताचा यात संबंध फक्त खलाशांपुरता नाही. मुंबई बंदर आणि न्हावाशेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर यांची वाट एकच आहे. तो जलमार्ग गाळ काढून खोल ठेवावा लागतो. न्हावाशेव्याला १५ मीटर ड्राफ्टची जहाजे यावीत यासाठी तो आणखी खोल करण्यात आला, पण अशा जहाजांना भरतीचा आधार घ्यावाच लागतो. मुंबईत उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. भरतीची वेळ साधायची म्हणून घाई आणि घाई म्हणून वेग, वेग म्हणून जहाजाचे बसणे. ही साखळी कागदावर साधी दिसते, पाण्यात ती महाग पडते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ या जहाजांची टक्कर झाली. तिथे काठाच्या ओढीचा विषय नव्हता. पण कंटेनर पाण्यात पडले, तेल किनाऱ्यांना लागले, मासेमारी कोलमडली आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. एकच दार असलेल्या घराचे दार अडले की काय होते, ते तेव्हा दिसले.

‘एव्हर गिव्हन’च्या आकाराची जहाजे आता भारतातही येऊ लागली आहेत. मे २०२४ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात जवळपास ४०० मीटर लांबीचे ‘एमएससी अ‍ॅना’ लागले, तर जून २०२५ मध्ये केरळच्या विळिंजम बंदरात २४ हजारांहून अधिक कंटेनरची क्षमता असलेले ‘एमएससी इरिना’ आले. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची आखणीही अशाच जहाजांसाठी होते आहे. या बंदराबद्दल स्थानिक मच्छीमारांचे आक्षेप आहेत आणि त्यांची चर्चा स्वतंत्रपणे व्हायला हवी. पण बंदर कुठेही असो, किती मोठे जहाज येणार याच्या घोषणेबरोबर ते किती वाऱ्यात येणार नाही, हेही जाहीर व्हायला हवे. दुसरीकडे कोलकात्याला जाणारी जहाजे हुगळीच्या गाळाने भरणाऱ्या, वळणावळणाच्या पात्रातून दोनशे किलोमीटरहून अधिक आत जातात. गोव्यात मांडवी आणि झुआरीतून खनिजाच्या बार्ज ये-जा करतात. २०१६ च्या कायद्याने देशातील १११ जलमार्ग राष्ट्रीय म्हणून घोषित झाले आहेत. नद्यांतून मालवाहतूक वाढवायची तर उथळ पाण्याचे शास्त्र तिथल्या प्रत्येक सारंगापर्यंत पोहोचवावे लागेल. बार्ज लहान असली तरी नदीही तेवढीच लहान असते. पाणी आकडे पाहत नाही, प्रमाण पाहते. शिवाय मोठ्या जहाजाच्या ओढीने काठालगतचे पाणी उतरते आणि मग लाटेसारखे परत येते, तेव्हा काठावर बांधलेल्या होड्या आपटतात आणि बांध खचतात. त्या नुकसानीची नोंद कोणत्याही चौकशी अहवालात होत नाही.

शास्त्राची वानवा नाही. बेल्जियममध्ये फ्लँडर्स हायड्रॉलिक्स आणि घेंट विद्यापीठ यांनी उथळ आणि अरुंद पाण्यातील जहाजांच्या हालचालींसाठी खास ज्ञानकेंद्रच उभारले आहे. फ्रान्समध्ये पोर्ट रेव्हेल इथे एका तळ्यात मूळ जहाजाच्या पंचविसाव्या हिश्शाएवढ्या प्रतिकृतींत बसून कप्तान आणि पायलट काठाची ओढ अंगावर घेतात आणि ती ओळखायला शिकतात. आपल्याकडे १९१६ साली सुरू झालेले, पुण्याजवळच्या खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र अनेक दशके बंदरांच्या प्रतिकृतींवर अभ्यास करते आहे. आयआयटी मद्रासमध्ये बंदरे आणि जलमार्गांसाठी राष्ट्रीय तंत्रज्ञान केंद्र आहे. जलमार्ग किती रुंद हवा, तळाखाली किती पाणी हवे, यासाठी जलवाहतूक अभियंत्यांच्या ‘पिआंक’ या जागतिक संघटनेने २०१४ साली सविस्तर मार्गदर्शिका काढली आहे. उणीव आहे ती हे ज्ञान वेळापत्रकाच्या वर ठेवण्याची.

त्यासाठी करायच्या गोष्टी फार नाट्यमय नाहीत. जलमार्गाच्या तळाची मोजणी नियमित व्हावी आणि ती प्रत्येक जहाजाला मिळावी. वाऱ्याची मर्यादा आधीच ठरलेली असावी आणि ती ओलांडली की जहाज थांबवण्याचा अधिकार वापरणाऱ्या पायलटला कोणी जाब विचारू नये. ठरावीक आकाराच्या वर जहाज गेले की टगची सोबत सक्तीची असावी, तिचे पैसे वाचवण्याची मुभा नसावी. वेगमर्यादा पाळली गेली की नाही हे अपघातानंतर नव्हे, रोज तपासले जावे. आणि अपघात झालाच तर चौकशीचा अहवाल लोकांसमोर यावा. विमानांच्या बाबतीत ही शिस्त जगाने बरीचशी अंगी बाणवली आहे. जहाजांच्या बाबतीत ती अजून समुद्राच्या तळाशीच आहे.

‘एव्हर गिव्हन’च्या नाकाशी माती उकरणाऱ्या त्या यंत्राच्या चालकाला हसणे सोपे होते. खरे तर त्या चित्रात आकाराची विसंगती दोन ठिकाणी होती. एक, यंत्र जहाजापुढे फार लहान होते. दुसरी, जहाज कालव्यापुढे फार मोठे होते. पहिलीवर सगळे हसले. दुसरी मात्र आजही तशीच आहे, आणि पाण्याचे नियम बदलणार नाहीत हे नक्की. बदलायचे आहे ते माणसाला. निदान अरुंद वाटेत शिरताना वेग कमी करण्यापुरते तरी.